अंगणातील औषधी आणि तीन कोंकणी वैद्य

भोपाळच्या अवधपुरीत तुळशीवृंदावनाशेजारी आडुळशाचे एखादे झुडूप जोपासणारी घरे आम्ही पाहिली आहेत. घरात कोणास खोकला झाला की आजीबाई त्याची पाने आणून काढा करतात. त्या त्यास आडुळसा म्हणतात, शेजारचे हिंदी भाषिक अडूसा म्हणतात आणि वैद्य वासा म्हणतात. याच वनस्पतीतील व्हॅसिसिन या द्रव्यावरून ब्रोमहेक्झिन हे आजचे खोकल्याचे औषध घडविण्यात आले. तेव्हा आजीबाईंचा काढा ही केवळ भाबडी समजूत म्हणून उडवून लावणे उचित होणार नाही.

परंतु हे ज्ञान बहुधा तोंडीच चालत आले. ते सांगणाऱ्यांची नावे कोठे लिहिली गेली नाहीत. म्हणूनच, आपल्या वैद्यांनी स्वतःच्या नावानिशी व स्वतःच्या भाषेत ते ग्रंथात नोंदविले, अशा एका प्रसंगाचे येथे स्मरण करावे असे आम्हांस वाटते.

या इतिहासाचा आरंभ गोव्यात होतो. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने येथील औषधींविषयीचा आपला संवादरूप ग्रंथ 1563 साली गोव्यातच छापला. त्यात मलुपा नावाचा हिंदू वैद्य भेटतो. पण तो बोलतो ते ओर्ताच्या लेखणीतून. ओर्ता मूळच्या ज्यू कुळातील होता. 1568 मध्ये तो वारला आणि 1580 मध्ये इन्क्विझिशनने त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. ज्या धर्मच्छळाने मेलेल्यासही सोडले नाही, त्याच छळामुळे आपल्या समाजातील कितीएक कुटुंबे देव व कुळाचार सांभाळीत दक्षिणेकडे गेली. कोचीस त्यांनी देवालय उभारले, पेढ्या घातल्या, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे वैद्यकही तेथे गेले.

1663 साली डचांनी कोची पोर्तुगीजांकडून जिंकून घेतली. पुढे मलबारचा डच अधिपती झालेला हेंड्रिक आड्रियान व्हान रेडे याच्या ध्यानात आले की, युरोपातून येणारी औषधे वाटेतच जुनी होतात, आणि इकडे रानोमाळ औषधींचे भांडार पडले आहे. या औषधींचा सचित्र ग्रंथ करण्याचे त्याने मनावर घेतले. तोच ‘हॉर्टस मलबारिकस’. त्याचे 12 खंड अ‍ॅम्स्टरडॅम येथे 1678 ते 1693 या काळात लॅटिन भाषेत प्रसिद्ध झाले. त्यांत सुमारे साडेसातशे वनस्पतींची वर्णने आहेत.

या कार्यास रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे तीन कोंकणी ब्राह्मण वैद्य लाभले. 1675 च्या एप्रिल महिन्यात त्यांनी दिलेले प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. भाषा कोंकणी, लिपी नागरी! आपण निघंटूच्या आधारे दोन वर्षे सकाळ-सायंकाळ हे काम केले, असा त्याचा आशय आहे. युरोपात छापलेल्या नागरी लिपीच्या आद्य नमुन्यांत त्याची गणना होते. चित्रांवरही मल्याळी व अरबी लिप्यांतील नावांबरोबर नागरीतील कोंकणी नावे कोरलेली आढळतात.

तथापि सारे श्रेय या तिघांनाच देणे न्यायाचे होणार नाही. इट्टी अच्युतन या एळवा समाजातील वैद्याने आपल्या घराण्यातील ताडपत्रांवरचे ज्ञान या ग्रंथास दिले. त्याचेही प्रमाणपत्र तेथे आहे. एकाने पोथी उघडली, दुसऱ्याने वंशपरंपरेचा अनुभव सांगितला. शिवाय रानातून फांद्या, फुले व फळे वेचून आणणारे कितीतरी होते, ज्यांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत.

ग्रंथाचा आरंभ नारळाने होतो, हे वाचून कोणा कोंकणी माणसास आनंद होणार नाही? पुढे लिनीयसने वनस्पतींची शास्त्रीय नावे निश्चित करताना या ग्रंथाचा आधार घेतला. आपल्याकडे मात्र तो लॅटिनमध्येच बंद राहिला. केरळचे वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनी अनेक वर्षे परिश्रम करून सिद्ध केलेले इंग्रजी भाषांतर 2003 साली व मल्याळी 2008 साली प्रसिद्ध झाले. ज्यांच्या पूर्वजांनी हे ज्ञान दिले, त्यांच्या हाती ते यावयास सव्वातीनशे वर्षे लागली!

यावरून आपण काय शिकावे? चतुर्थीला गोव्यात गणपतीवर माटोळी बांधतात. तिच्यात नारळ-सुपारीबरोबर कवंडळ, घागऱ्यो यांसारखी रानची फळे असतात. घरोघरी पूजेसाठी पत्री गोळा होते. ही एका परीने दरवर्षीची वनस्पतींची उजळणीच होय. पण पत्री बाजारातून जुडी बांधून आली, तर मुलांना आघाडा कोणता आणि माका कोणता हे कळणार कसे? आणि रान तुटले, तर माटोळी बांधावयाची कशाची?

म्हणून आमची विनंती अशी. देवावरचे निर्माल्य नदीत न सोडता परसात खड्डा करून कुजवावे आणि त्या खतावर तुळस, आडुळसा, ओवा, गवती चहा वाढवावा. रानातून घ्यावे ते गरजेपुरतेच. ओळख पटल्यावाचून कोणतेही पान पोटात घेऊ नये, आणि आजार बळावल्यास वैद्य वा डॉक्टर गाठावा. शेवटचे व महत्त्वाचे म्हणजे घरातील वडीलधाऱ्यांकडून झाडाचे नाव, उपयोग व मात्रा विचारून वहीत लिहून ठेवावी, आणि खाली सांगणाऱ्याचे नाव अवश्य घालावे. रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट आज आपणास ठाऊक आहेत, ते त्यांनी आपली नावे लिहून ठेवली म्हणूनच.