‘लेबोरिअस’ : एका विशेषणाचा अर्थप्रवास

परिश्रम करणारी व्यक्ती आणि परिश्रम करायला लावणारे कार्य या दोन भिन्न बाबी होत. इंग्रजीतील ‘लेबोरिअस’ हे विशेषण मात्र शतकानुशतके दोहोंसाठी वापरले गेले. हा दुहेरी अर्थ लक्षात न घेतल्यास जुन्या इंग्रजी गद्यातील स्तुती आजच्या वाचकाला निंदा वाटण्याचा संभव असतो.

या शब्दाचे मूळ लॅटिन ‘लाबोरिओसुस’ मध्ये आहे. सिसेरोने ‘टस्क्युलन संवाद’ (इ. स. पू. ४५) या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात त्याची चर्चा केली आहे. श्रम आणि वेदना यांसाठी ग्रीकांकडे ‘पोनोस’ हा एकच शब्द. त्यामुळे उद्योगी माणसाला ते जणू वेदनाप्रेमीच ठरवतात, असा त्याचा आक्षेप होता. श्रमणे वेगळे आणि दुखणे वेगळे, म्हणून अशा माणसाला ‘लाबोरिओसुस’ म्हणणे त्याला अधिक उचित वाटले. तथापि प्रत्यक्ष लॅटिन वापरात हे विशेषण त्रासदायक गोष्टीला आणि त्रासलेल्या माणसालाही लागत असे. सिसेरोने आखलेली सीमारेषा त्याच्याच भाषेने पूर्णपणे पाळली नाही.

जुन्या फ्रेंचच्या वाटेने चौदाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला, तो दोन्ही अर्थ घेऊनच. मिल्टनने ‘लिसिडस’ (१६३७) या शोककाव्यात तो दिवसांना लावला आहे. तेथे सुखाचा त्याग करून कीर्तीसाठी झिजणाऱ्या कवीचे व्रत सूचित होते. कंटाळ्याची छटा नाही. सॅम्युएल जॉन्सनच्या कोशात (१७५५) ‘उद्योगी’ हा अर्थ पहिला आणि ‘श्रम पडणारे’ हा दुसरा आहे. पुढे हा क्रम उलटला. आज हे विशेषण प्रामुख्याने काम, प्रक्रिया किंवा गद्यशैली यांना लागते आणि शैलीला लागले की तो दोष ठरतो. कर्त्याचा गुण मागे पडला. कार्याचा भार तेवढा उरला.

लेखकाचे श्रम वाचकाला जाणवू लागले की ते दोषास्पद होतात, ही जाणीव संस्कृत काव्यशास्त्रातही आढळते. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त ‘क्लिष्ट’ हा पददोषांत आणि ‘कष्ट’ हा अर्थदोषांत गणला आहे. मराठीने मात्र कर्ता आणि कार्य यांसाठी वेगळे शब्द घडवले. ‘कष्टाळू’ या शब्दातील ‘आळू’ हा प्रत्यय ‘मायाळू’, ‘लाजाळू’ यांप्रमाणे स्वभाव दर्शवतो, तर ‘कष्टसाध्य’ हा समास कार्याचे स्वरूप सांगतो. ‘कष्ट’ या शब्दात दुःख मुरलेले असूनही ‘कष्टाळू’ हा निःसंदिग्ध गौरव आहे.

म्हणूनच अठराव्या शतकातील एखाद्या पंडिताविषयी हे विशेषण आले, तर ‘रटाळ’ असा प्रतिशब्द योजणे त्याच्यावर अन्याय करणारे ठरेल. मूळ इंग्रजी शब्दात जे एकत्र नांदत होते, त्यातून एकाची निवड करणे मराठी भाषांतरकाराला अटळ आहे. आणि त्या निवडीचा आधार आजचा कोशार्थ नसून त्या शब्दाचा काळ हाच असू शकतो.