आवळायचं किती?

दोन वर्षांपूर्वी काजव्यांच्या दिवसांत आम्ही भंडारदऱ्याला निघालो होतो. राजूर मागे पडलं आणि चाक पंक्चर झालं. स्टेपनी लावायला घेतली तर नट हलेना. महिन्याभरापूर्वी टायर बदलणाऱ्या पोराने पान्याला लोखंडी पाईप लावून, त्यावर उभं राहून नट आवळले होते आणि मी त्याला शाबासकीही दिली होती. आता जोर लावला तर स्टडच तुटून हातात आला. उरलेल्या नटांवर हळूहळू गाडी नेत धरणाच्या पायथ्याशी पोचलो.

या धरणाचं काम १९१० ला सुरू झालं. १० डिसेंबर १९२६ ला गव्हर्नर लेस्ली विल्सन यांनी त्याचं उद्घाटन केलं. प्रवरेवर दगडावर दगड चढत होता, त्याच काळात न्यूयॉर्कच्या पाणीपुरवठा खात्यातला कॉनराड बार हा कामगार वेगळ्याच अडचणीत होता. पाईपांच्या सांध्यांवरचे बोल्ट कुणी सैल ठेवी, कुणी जादा आवळी. ठरावीक जोराला थांबवणारं अवजार आपण १९१८ मध्ये बनवलं, असं तो सांगे. पुढे १९३० च्या दशकात त्याने एका जोडीदाराबरोबर आवाज करणाऱ्या टॉर्क रेंचचं पेटंट मिळवलं.

दांडी लांब असेल तर कमी वजनात काम होतं, हे फार जुनं ज्ञान. मर्व शहरातल्या अल-खाझिनीने ११२१ मध्ये तराजूवर 'मीझानुल-हिकमा' हा ग्रंथ लिहिला. आपण अभिमानाने ही नावं घेतो आणि गॅरेजात मात्र अंदाजाने पाना फिरवतो!

माझे मामू जुने मेकॅनिक. टॉर्क रेंच घ्या म्हटलं की म्हणत, "बेटा, हाथ बोलता है." त्यांचा हात खरंच बोलतो, पण त्याला एक गोष्ट कळत नाही. नट आवळताना स्टड किंचित ताणला जातो आणि चाकाला धरून ठेवतो तो हा ताण. आपण लावलेल्या जोरातला साधारण नव्वद टक्के घर्षणातच जातो. म्हणून आट्यांना ग्रीस लावून तोच आकडा ठेवला तर घर्षण घटतं आणि ताण भलताच वाढतो. मर्यादेपलीकडे ताणलेला स्टड मूळ लांबीला परत येत नाही. माझा तसाच गेला असणार.

शेवटी मी रेंच घेऊनच गेलो. आटे ब्रशने साफ केले, तेल लावलं नाही. नट आधी हाताने बसवले, मग समोरासमोरचे आळीपाळीने. आकडा गाडीच्या पुस्तकातला. लहान गाड्यांना तो साधारण १०० न्यूटन-मीटर असतो, म्हणजे एक मीटर दांडीच्या टोकाला दहा किलोचा भार. मूठ धरायच्या जागीच धरून सावकाश ओढलं. 'टक्' झालं. मामूंनी सवयीने आणखी एक झटका द्यायला हात पुढे केला.

"बस, मामू. टक् झालं की थांबायचं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रेंच हातात घेतला आणि पुढचा नट स्वतः लावला. टक् होताच थांबले. मग जुना नट सैल करायलाही तोच पाना उचलला. तो मी काढून घेतला आणि साधा पाना दिला. टॉर्क रेंच नट सोडवायला वापरायचा नसतो. पेटीत ठेवण्याआधी आकडा खाली आणून स्प्रिंग सैल केली.

शंभरेक किलोमीटरनंतर मामूंचा फोन आला, "नट परत तपासलेस का?"