मोगल दरबारी चित्रांतील शिकारी पक्षी : एक ऐतिहासिक साधन

प्रास्ताविक

मध्ययुगीन भारताच्या इतिहासलेखनात फर्माने, तवारिखा व प्रवासवर्णने यांना साधन म्हणून मान्यता आहे. चित्रांकडे मात्र बहुधा कलाकृती म्हणूनच पाहिले जाते. शिकारी पक्ष्यांच्या चित्रणाच्या आधारे दरबारी चित्राचे साधनमूल्य स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सत्तेचे चिन्ह

मुठीवर बाज किंवा ससाणा घेतलेला राजपुरुष मोगल, दख्खनी व राजपूत चित्रांत वारंवार आढळतो. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशहा (कारकीर्द १५८०-१६२७) याचे फर्रुख बेगचे मानले जाणारे शिकारचित्र या परंपरेतीलच होय. रानातला पक्षी हुकमात आणणे ही राजसामर्थ्याची खूण मानली जाई. येथे पक्षी हा धन्याच्या दर्जाचे चिन्ह आहे, चित्राचा स्वतंत्र विषय नव्हे.

पक्ष्याचे व्यक्तिचित्र

जहांगीराच्या काळात (१६०५-१६२७) हा दृष्टिकोन बदलला. १६१२ मध्ये मुकर्रबखानाने गोव्याहून आणलेल्या अपरिचित प्राण्यांविषयी लिहिताना, बाबराने प्राण्यांची वर्णने केली, परंतु चित्रे काढविली नाहीत, असे जहांगीर आपल्या आत्मचरित्रात नमूद करतो. १६१९ ची नोंद याहून बोलकी आहे. इराणच्या शाह अब्बासने भेट म्हणून पाठविलेला ससाणा रखवालदाराच्या हयगयीमुळे मांजराच्या तावडीत सापडून जखमी झाला व दरबारात आल्यावर आठवड्याहून अधिक जगला नाही. त्याच्या पंखांवरील व पाठीवरील काळ्या ठिपक्यांचे सौंदर्य वर्णून, ‘नादिर-उल-अस्र’ हा किताब लाभलेल्या उस्ताद मन्सूरला त्याचे चित्र काढून ठेवण्याची आज्ञा बादशहाने दिली.

येथे पक्षी हाच विषय ठरतो. भेटवस्तू नष्ट झाली, तरी तिची नोंद चित्ररूपाने टिकावी, हा आज्ञेमागील हेतू उघड आहे. तथापि, हे निरीक्षण राजकारणापासून अलिप्त नव्हते. स्नेहाची साक्ष म्हणून ससाणा पाठविणाऱ्या याच शाह अब्बासने तीन वर्षांनी, १६२२ मध्ये, मोगलांकडून कंदाहार जिंकून घेतले.

निष्कर्ष

चित्रातून पक्ष्याचे रूप कळते. तो कोठून आला, कसा मेला व कोणाच्या माथी दोष आला, हे लिखित नोंदीतून कळते. रखवालदारासारखी माणसे चित्राच्या चौकटीबाहेर राहतात, ती नोंदीत भेटतात. म्हणून दोन्ही साधने एकत्र वाचल्याशिवाय दरबारी संस्कृतीचे आकलन पूर्ण होत नाही.