जॉयस्टिक बिघडली की विमान?

घरच्या संगणकावर विमान उडवण्याचा छंद तसा जुना आहे. मायक्रोसॉफ्टचा 'फ्लाइट सिम्युलेटर' १९८२ साली आला. मधल्या काळात खंड पडलेल्या या मालिकेचे २०२० मध्ये पुनरागमन झाले आणि २०२४ मध्ये तिची पुढची आवृत्तीही बाजारात आली. 'एक्स-प्लेन'चा चाहतावर्ग वेगळाच. यात हौशी मंडळी जशी आहेत, तसेच वैमानिकीचे शिक्षण घेणारे विद्यार्थीही आहेत. घरच्या सरावाचे तास वैमानिकाच्या नोंदवहीत धरले जात नाहीत; तरीही उपकरणे वाचणे, धावपट्टीकडे येतानाच्या कृतींचा क्रम अंगवळणी पाडणे यासाठी तो उपयोगी पडतो. मात्र हातातली जॉयस्टिक किंवा पायाखालची रडर पेडल चुकीचे संदेश देत असतील, तर हाच सराव उलटा परिणाम करतो. सदोष मूठ सतत एका बाजूला दाबून धरणाऱ्या हाताला तीच सवय लागते.

हात सोडल्यावरही विमान एका बाजूला कलू लागले की 'जॉयस्टिक गेली' असा निष्कर्ष बहुतेक जण काढतात आणि नवी घेण्याच्या विचाराला लागतात. वास्तविक मुठीची हालचाल पडद्यावरच्या विमानापर्यंत पोहोचेपर्यंत पाच टप्पे पार करते. मुठीखालचा सेन्सर हालचालीचे विद्युत संकेतात रूपांतर करतो, आतले सर्किट त्या संकेताचा आकडा बनवते, तो यूएसबी वायरीतून संगणकात जातो, विंडोज त्याची नोंद घेते आणि शेवटी सिम्युलेटर त्याचा अर्थ लावतो. दोष यांपैकी कोणत्या टप्प्यावर आहे हे ठरवल्याशिवाय स्क्रू-ड्रायव्हर हाती घेणे म्हणजे निदानाआधीच शस्त्रक्रिया करण्यासारखे आहे.

पहिली तपासणी सिम्युलेटरबाहेर

या निदानाचे साधन विंडोजमध्येच आहे. स्टार्ट मेन्यूच्या शोधचौकटीत 'जॉय डॉट सीपीएल' हे नाव रोमन लिपीत, मधल्या टिंबासह सलग टाइप केले की जोडलेल्या नियंत्रकांची यादी उघडते. त्यात आपले उपकरण निवडून 'प्रॉपर्टीज'मध्ये गेल्यास एका चौकटीत छोटी फुली आणि शेजारी काही पट्ट्या दिसतात. मूठ हलवली की फुली हलते. थ्रॉटल किंवा पेडल हलवले की पट्टी कमी-जास्त होते.

आता प्रत्येक दांडी अगदी सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यावी. फुली सरळ सरकली आणि हात सोडल्यावर मध्यभागी येऊन थांबली, तर उपकरण ठणठणीत आहे. दोष सिम्युलेटरच्या सेटिंगमध्ये शोधावा. फुली मध्येच उड्या मारत असेल किंवा थरथरत असेल, तर सेन्सरवर संशय घ्यावा. ती कोपऱ्यात चिकटून बसली असेल, तर आतली एखादी तार तुटलेली असते किंवा कॅलिब्रेशन बिघडलेले असते. याच ठिकाणी 'सेटिंग्ज' या भागात 'रीसेट टू डिफॉल्ट' हे बटण आहे. जुने कॅलिब्रेशन आधी त्याने पुसावे आणि मगच गरज वाटल्यास नवे करावे.

उपकरण ठीक, तरी विमान हट्टी

सेटिंगमधला सर्वाधिक आढळणारा घोटाळा म्हणजे एकाच कामावर दोन मालक. नवे उपकरण जोडले की अनेक सिम्युलेटर त्याच्या दांड्यांना आपणहून कामे वाटून देतात. मग जॉयस्टिकच्या मुठीचा पीळही रडर हलवतो आणि पेडलही. दोघांचे आकडे जुळत नाहीत आणि विमान लहर आल्यासारखे वळू लागते. अशा वेळी प्रत्येक उपकरणाची यादी उघडून नको ती नेमणूक काढून टाकावी.

ब्रेकची तक्रार याहून मजेशीर आहे. थ्रॉटल पूर्ण पुढे, इंजिनाचा आवाज टिपेला, पण विमान जागचे हलत नाही! पेडलच्या वरच्या भागातले ब्रेक काही संचांत न दाबताच पूर्ण आकडा पाठवतात आणि सिम्युलेटर तो 'ब्रेक दाबलेला' असा वाचतो. त्या दोन्ही अक्षांपुढे दिशा उलट करण्याची खूण केली की काम झाले.

काही तक्रारींत तर कुणाचाच दोष नसतो. सेस्ना १७२ सारख्या एका इंजिनाच्या विमानात पंखा वैमानिकाच्या बाजूने पाहता घड्याळाच्या दिशेने फिरतो. उड्डाणासाठी पूर्ण शक्ती दिली की नाक डावीकडे ओढ घेते आणि वैमानिकाला उजवे पेडल दाबावे लागते. खऱ्या विमानात हेच घडते, म्हणून चांगल्या सिम्युलेटरमध्येही घडते. ट्रिमचेही तसेच. खऱ्या विमानात ट्रिम लावल्यावर योकवरचा दाब नाहीसा होतो आणि तो आहे त्या जागी राहतो. घरच्या योकची स्प्रिंग मात्र त्याला नेहमी मध्यभागीच खेचते. हात सोडल्यावर विमानाचे नाक खाली जात असेल, तर आधी ट्रिम पाहावे. कॅलिब्रेशनला हात लावण्याचे कारण नाही.

पोटेन्शियोमीटर नावाचे दुखणे

फुलीच्या उड्या थांबत नसतील, तर मात्र उपकरण उघडणे आले. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या बहुतेक जॉयस्टिकमध्ये पोटेन्शियोमीटर असतात. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात असे तेच हे साधन. कार्बनच्या पट्टीवर धातूची एक जीभ घासत फिरते आणि तिच्या जागेनुसार रोध बदलतो. धूळ, दमट हवा आणि झीज हे तिचे तीन शत्रू; कोकणपट्टीत आणि मुंबईच्या पावसाळ्यात पहिल्या दोघांची चंगळ असते. शिवाय विमान उडवताना मूठ बहुतांश वेळ मध्याच्या आसपासच हलत असल्याने पट्टी तिथेच सर्वाधिक झिजते. नेमक्या जिथे अचूकता हवी, तिथेच आकडा थरथरतो.

यूएसबी वायर काढून तळाचे स्क्रू सोडवावेत. तारांच्या जागांचे मोबाइलवर छायाचित्र घेऊन ठेवावे आणि मधली स्प्रिंग उडणार नाही याची काळजी घ्यावी. पोटेन्शियोमीटरच्या फटीत 'कॉन्टॅक्ट क्लीनर'चा छोटा फवारा मारून दांडा वीस-तीस वेळा पूर्ण फिरवावा आणि वाळू द्यावा. घरातले मशीनचे तेल इथे अजिबात वापरू नये; ते धूळ धरून ठेवते. सफाईनंतरही खात्री नसेल, तर मल्टिमीटरची एक तार मधल्या पायाला आणि दुसरी कडेच्या पायाला लावून दांडा सावकाश फिरवावा. रोध एकसारखा वाढला पाहिजे. आकडा मध्येच उडाला, तर पट्टी झिजली आहे असे समजून भाग बदलावा. नवा भाग घेताना जुन्यावरील खूण पाहावी: 'बी १० के' म्हणजे दहा किलो-ओहम आणि समप्रमाणात बदलणारा रोध. 'ए' अक्षराचा घेतल्यास मूठ अर्धवट हलवूनही विमान भलतेच वळेल. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात असे भाग सुटे मिळतात. दांड्याची लांबी आणि पायांची मांडणी जुळवण्यासाठी जुना नमुना बरोबर न्यावा.

सिम्युलेटरमधली 'डेड झोन' वाढवून ही थरथर लपवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. दोन-तीन टक्क्यांपर्यंत ठीक. त्यापुढे तो ओल आलेल्या भिंतीला चुना फासण्याचा प्रकार होय. मुठीची मधली हालचालच मरून जाते आणि विमान उतरवताना लागणारे बारीक फेरफार करता येत नाहीत.

महागड्या उपकरणांत हॉल सेन्सर असतो. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर तो चालतो. चुंबक फिरला की संकेत बदलतो, काहीच घासत नाही. थ्रस्टमास्टरच्या टी-१६०००एम या जॉयस्टिकमध्ये मुख्य हालचालींसाठी असेच सेन्सर आहेत. मूठ पिळण्याची हालचाल मात्र पोटेन्शियोमीटरवर आहे. अशा उपकरणाची फुली मध्यापासून ढळली, तर चुंबकाचा सैल झालेला डिंक, ढिली स्प्रिंग किंवा शेजारी ठेवलेला स्पीकर यांवर आधी नजर टाकावी.

उड्डाण सुरू असताना उपकरण मध्येच 'गायब' होत असेल, तर सेन्सरशी त्याचा संबंध नसतो. विंडोजच्या 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करावे आणि 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये यूएसबी रूट हबपुढची वीज वाचवण्याची परवानगी काढून घ्यावी. योक, थ्रॉटल आणि पेडल अशी तिन्ही एकाच साध्या हबवर लावली असतील, तर स्वतंत्र अॅडॉप्टर असलेला हब घ्यावा. यूएसबी २.० च्या एका पोर्टकडून सर्वांना मिळून ५०० मिलिअँपिअर एवढाच प्रवाह मिळणे अपेक्षित असते. कोणते उपकरण कोणत्या पोर्टला लावले याची चिठ्ठी चिकटवून ठेवावी. जागा बदलली की काही सिम्युलेटर त्याला नवे उपकरण समजतात आणि सर्व नेमणुका पुन्हा कराव्या लागतात.

वॉरंटीची मुदत शिल्लक असेल, तर उपकरण उघडण्याआधी तिच्या अटी वाचाव्यात. फुलीच्या उड्यांचे मोबाइलवर केलेले चित्रण तक्रारीसोबत जोडल्यास दोष दाखवणे सोपे जाते.