'नंतर'चं 'आधी' कधी झालं? नियम 13 ची गोष्ट

पीएचडीच्या पहिल्या वर्षी केलेली एक चूक सांगतो, म्हणजे तुमची वाचेल. सोनोग्राफी सेंटरने मशीन, जागा किंवा कर्मचारी बदलले तर ते सरकारला कधी कळवायचं, हे मला हवं होतं. मी आजचा नियम उघडला, '30 दिवस आधी' असं वाचलं आणि जुन्या नोंदींचा तक्ता त्याच मापाने भरला. जवळजवळ सगळी केंद्रं दोषी! गाईडनी एकच विचारलं, "हा नियम तेव्हा होता का?"

नव्हता. आपण सायन्सवाले नियमाला स्थिरांक समजतो, तिथेच फसतो.

गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा महाराष्ट्राने 1988 मध्येच केला होता, देशात सगळ्यात आधी. केंद्राचा कायदा 1994 चा, लागू झाला 1 जानेवारी 1996 पासून. त्याच वर्षीच्या नियमावलीतला नियम 13 म्हणत होता : बदल झाल्यापासून 30 दिवसांच्या आत कळवा. 2012 च्या दुरुस्तीत ते उलटलं : बदल होणार असेल तर किमान 30 दिवस आधी कळवा.

फरक छोटा वाटतो ना? पण मशीन दुसरीकडे गेल्यावर महिन्याने आलेलं पत्र म्हणजे घडून गेलेल्या गोष्टीची पावती. आधी आलेल्या पत्रावर निदान जाऊन बघता तरी येतं. दरम्यान राज्यातलं 0 ते 6 वयाच्या मुलींचं प्रमाण दर हजार मुलांमागे 2001 मधल्या 913 वरून 2011 मध्ये 894 वर आलं होतं. आपल्या मराठवाड्यातच, बीडमध्ये, ते 807 होतं. दुरुस्ती या काळातली आहे, हे विसरून ती वाचू नका.

मालक किंवा व्यवस्थापन बदललं तर मात्र पत्राने भागत नाही. नियम 6 प्रमाणे प्रमाणपत्र परत करायचं आणि नव्या मालकाने नव्याने अर्ज करायचा.

विमा कंपन्यांकडे हीच भाषा जुनी आहे. 1938 च्या विमा कायद्याचं कलम 26 म्हणतं, नोंदणीवेळी दिलेल्या माहितीत बदल झाला तर लगेच कळवा. विलीनीकरण असेल तर कलम 35, म्हणजे आधी मंजुरी. घरात कुणाची अपोलो म्युनिकची पॉलिसी असेल तर आठवेल, 2020 मध्ये ती कंपनी एचडीएफसी अर्गोमध्ये गेली. असा व्यवहार नियामकाच्या मंजुरीशिवाय होत नाही. थोडक्यात, पैशाच्या बाबतीत 'आधी विचारा' हे फार पूर्वीच सुचलं होतं. सोनोग्राफी मशीनसाठी 2012 उजाडलं. (हे माझं मत. गाईडना ते जरा जास्तच तिखट वाटतं.)

आता हिंगोलीची गंमत. जिल्हा परभणीतून वेगळा झाला 1 मे 1999 ला. म्हणजे 1996 ते 1999 मध्ये वसमत किंवा कळमनुरीतल्या केंद्राचा जिल्हा परभणी होता. केंद्र जागचं हललं नाही, बदल कळवायचं कार्यालयच बदललं! त्या तीन वर्षांवर काम करणार असाल तर हिंगोलीच्या जिल्हा शल्य चिकित्सक कार्यालयात चौकशी करण्याआधी परभणीला अर्ज टाका. आणि तक्त्यात तारखेच्या शेजारी एक जादा रकाना ठेवा : त्या दिवशी लागू असलेला नियम. माझा तक्ता मी तसाच पुन्हा भरतोय.