मोटार मागवावी कशी, आणावी कशी : मालव्यातील शंभर वर्षांची गोष्ट

उज्जैनमध्ये नवे वाहन घरी आले की ते आधी दारात लावायचे नाही, देवदर्शनाला न्यायचे, असा आपल्याकडे रिवाज आहे. कोणी चिंतामण गणपतीला जातात, कोणी महाकालाला, आणि जुन्या शहरात राहणारी बरीच मंडळी रामघाटाच्या वरच्या रस्त्यावर गाडी उभी करून खाली उतरतात आणि तांब्याभर क्षिप्रेचे पाणी घेऊन वर येतात. बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, पुढे नारळ. कंपनीने किल्ली हातात दिली की कागदावर ताबा मिळतो, पण आपल्या लेखी गाडी खरी ‘आपली’ होते ती घाटावरचे पाणी शिंपडल्यावर.

हा रिवाज जुना वाटतो, पण मोटार काही तितकी जुनी नाही. मालव्यात ती आली त्याला एका शतकाहून थोडाच अधिक काळ लोटला आहे. ती कोणी मागवली, कशी मागवली, कोणत्या वाटेने आणली, हा इतिहास आपल्या मराठी घरांशी जोडलेला आहे. शिंदे, होळकर आणि पवार या तीन घराण्यांच्या मागोमाग आपले पूर्वज येथे आले. उज्जैन शिंद्यांचे, पंचावन्न किलोमीटरवरचे इंदूर होळकरांचे, मध्ये देवास आणि पलीकडे धार पवारांचे. आज आपण सकाळी निघून दुपारच्या जेवणाला परत येतो एवढ्या टापूत चार दरबार होते, आणि प्रत्येक दरबाराला शेजारच्या दरबाराच्या पागेत काय नवे आले याची उत्सुकता असे.

आधी रूळ, मग रस्ता

मोटारीची गोष्ट रेल्वेपासून सुरू करावी लागते. जयाजीराव शिंद्यांनी १८७२ मध्ये आग्रा-ग्वाल्हेर मार्गासाठी ७५ लाख रुपये कर्जाऊ दिले आणि पुढच्या वर्षी इंदूर-नीमच मार्गासाठी तेवढीच रक्कम दिली. तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी त्याआधीच खंडवा-इंदूर मार्गासाठी एक कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीने दिले होते. त्या पैशातून विंध्याचा घाट चढून रूळ इंदूरला पोचले. या कर्जांमुळे मालवा मुंबईच्या बंदराशी जोडला गेला, आणि पुढे विलायतेहून आलेली प्रत्येक मोटार याच वाटांचा विचार करून मागवावी लागली.

त्यात एक मेख होती. खंडवा-इंदूर मार्ग मीटरगेज होता आणि मुंबईहून खंडव्यापर्यंतचा ब्रॉडगेज. म्हणजे इंदूरसाठी आलेला माल खंडव्याला एका वाघिणीतून उतरवून दुसऱ्या, लहान वाघिणीत चढवावा लागे. धान्याची पोती उतरवणे वेगळे आणि दोन टनांची मोटार उतरवणे वेगळे. उलट उज्जैनला रतलाम-नागद्याकडून ब्रॉडगेज आला होता. मुंबईत भरलेली वाघीण वाटेत न बदलता उज्जैनच्या धक्क्याला लागू शकत असे. इंदूरला ब्रॉडगेज पोचायला १९६० चे दशक उजाडले, आणि तोही उज्जैन-देवासमार्गेच. रेल्वे नको असेल तर दुसरी वाट आग्रा रोडची : नाशिक, धुळे, सेंधवा, महू. मोटार आपल्या पायांनी यायची, पण घाट, नद्यांचे उतार आणि पावसाळा यांचा हिशेब करून. म्हणजे ‘डिलिव्हरी कशी घेणार?’ हा आज शोरूममध्ये विचारला जाणारा प्रश्न तेव्हा एखाद्या मोहिमेच्या आखणीसारखा होता.

सह्याद्रीत पारखलेली, ग्वाल्हेरला विकलेली

माधवराव शिंदे (१८७६-१९२५) यांना यंत्रांचा मोठा नाद. जयविलास राजवाड्यातल्या जेवणाच्या मेजावर पाहुण्यांपुढे पेय आणि विड्या घेऊन फिरणारी त्यांची चांदीची आगगाडी आजही लोक पाहायला जातात. पण त्यांचे तेवढेच स्मरण ठेवणे अन्यायाचे होईल. ग्वाल्हेर-भिंड, शिवपुरी आणि श्योपूरकडे जाणारी दोन फुटी लहान रेल्वे त्यांच्याच काळात वाढली. आपल्या उज्जैनचा कालियादेह महाल मोडकळीस आला होता, तो १९२० मध्ये त्यांनीच दुरुस्त करवला.

१९०८ मध्ये रोल्स-रॉईस कंपनीने आपली ‘सिल्व्हर घोस्ट’ मोटार हिंदुस्थानात पाठवली. तिला नाव दिले ‘पर्ल ऑफ द ईस्ट’, म्हणजे पूर्वेचा मोती. येथे कोणी तिचे नाव ऐकले नव्हते, तेव्हा कंपनीने जाहिरातीपेक्षा पक्का मार्ग निवडला. मुंबई-कोल्हापूर मार्गावरच्या सुमारे ६२० मैलांच्या चाचणीत ती उतरवली. वाटेत सह्याद्रीचे सहा घाट. मोटारीने चाचणी जिंकली, आणि त्यानंतर ती माधवराव शिंद्यांनी विकत घेतली.

यात आपल्याला एक गंमत दिसते. ज्या घाटांनी मराठ्यांची घोडी तयार केली, त्याच घाटांत विलायती मोटारीची परीक्षा झाली आणि ती मोटार शिंद्यांच्या पदरी पडली. पण व्यवहार म्हणूनही हे शहाणपणाचे होते. कारखान्याच्या माहितीपत्रावर विश्वास ठेवून पैसे पाठवायचे आणि वर्षभर वाट पाहायची, यापेक्षा आपल्याच रस्त्यांवर, आपल्याच उन्हात तावून सुलाखून निघालेले वाहन घ्यायचे. घोडा घेताना आपले शिलेदार दात पाहत, चाल पाहत, मग मोल ठरवत. माधवरावांनी मोटारीला तोच न्याय लावला, असे आम्हाला वाटते.

तीन देशांत घडलेली मोटार

त्या काळी मोठ्या मोटारी तयार मिळत नसत. कंपनी फक्त सांगाडा, इंजिन आणि चाके देई, त्याला चॅसी म्हणत. वरचे शरीर पूर्वी बग्ग्या बांधणाऱ्या कारखानदारांकडून वेगळे बांधून घ्यायचे. म्हणजे मागणी दोन ठिकाणी आणि पैसेही दोन ठिकाणी. रंग, कातडे, दिवे, पायऱ्या, बंदुका ठेवण्याचे कप्पे, सगळे पत्रव्यवहाराने ठरायचे. रोल्स-रॉईससारखी कंपनीही दुसऱ्या महायुद्धापर्यंत चॅसीच विकत होती.

या पद्धतीचे मालव्यातले सर्वात नामांकित उदाहरण इंदूरचे. यशवंतराव होळकर (दुसरे) यांचा जन्म १९०८ चा. वडील तुकोजीराव (तिसरे) यांनी १९२६ मध्ये राजत्याग केल्यावर ते गादीवर आले आणि १९३० मध्ये त्यांना पूर्ण अधिकार मिळाले. शिक्षण विलायतेत, पत्नी संयोगिताराजे कागलच्या घाटगे घराण्यातल्या. माणिकबाग महाल त्यांनी एकार्ट मुथेसिउस या जर्मन वास्तुकाराकडून बांधून घेतला. आतले सामान, गालिचे, दिवे, सारे त्या काळच्या युरोपातल्या नव्यातल्या नव्या धाटणीचे. राजांचा रेल्वेचा डबासुद्धा मुथेसिउसनेच आखला होता.

अशा माणसाने स्पोर्ट्स कार मागवली तर ती साधी कशी असणार? त्यांनी निवडली ड्युझेनबर्ग. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या या कंपनीने १९२८ च्या डिसेंबरात ‘मॉडेल जे’ लोकांपुढे आणले होते. आठ सिलिंडर, जवळजवळ सात लिटरचे इंजिन आणि २६५ अश्वशक्ती. सुपरचार्जर लावलेल्या ‘एसजे’ मोटारीची ताकद कंपनी ३२० अश्वशक्ती सांगे. त्या काळातल्या सामान्य मोटारीची ताकद तीस-चाळीस अश्वशक्तीच्या घरात असे, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. ‘मॉडेल जे’च्या पाचशेसुद्धा मोटारी बनल्या नाहीत, आणि १९३७ मध्ये कंपनीच बंद पडली.

होळकरांच्या मोटारीची चॅसी अमेरिकेत घडली आणि शरीर लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्यात १९३५ च्या सुमारास बांधले गेले. लांबच लांब बॉनेट, मागे निमुळती होत जाणारी, नावेच्या पाठीसारखी शेपटी. एवढ्या लांबीच्या मोटारीत मुख्य आसने दोघांचीच. रंग काळा आणि केशरी. समोर रंगीत दिवे बसवले होते. आत महाराज आहेत की महाराणी, हे रस्त्यावरच्या पोलिसांना लांबूनच कळावे यासाठी ते होते, असे सांगतात. अमेरिकेचे पोलाद, इंग्लंडची कारागिरी आणि रंग होळकरांचा. एका मोटारीने दोन समुद्र ओलांडले.

या मोटारीबद्दल बोलताना आपल्या घरांत नेहमी दोन सूर लागतात. एक अभिमानाचा : आपल्या राजाची निवड जगातल्या जाणकारांच्या तोडीची होती. दुसरा प्रश्नाचा : हा पैसा कोणाचा? दोन्ही सूर खरे आहेत आणि कोणताही दाबू नये. ज्या संस्थानाचा पैसा अशा हौसेवर गेला, त्याच संस्थानाने इंदूरला पाणी पुरवणारा यशवंतसागर बांधला आणि होळकर संघाच्या रूपाने चार वेळा रणजी करंडक जिंकणारे क्रिकेट उभे केले. पण राज्याचा खजिना आणि राजाची हौस यांच्यामधली रेघ पुसट होती. रयतेने कर भरला आणि त्या कराच्या विनियोगात तिला विचारले गेले नाही. इतिहास लिहिताना केशरी रंगाची झळाळी सांगावी आणि हेही सांगावे.

रांगेतली माणसे

१९४८ मध्ये मध्य भारत संघ झाला. ग्वाल्हेरचे जिवाजीराव राजप्रमुख आणि इंदूरचे यशवंतराव उपराजप्रमुख झाले. दरबार गेले, आणि मोटार मागवण्याचा मान हळूहळू आपल्यासारख्यांकडे आला, पण रांगेतून. फियाट, अँबॅसेडर, स्कूटर, सगळ्यांसाठी नाव नोंदवायचे, पोस्टाच्या बचत खात्यात अनामत ठेवायची, आणि पासबुक कपाटात जपून वर्षे मोजायची. बजाजची चेतक १९७२ मध्ये आली आणि तिची प्रतीक्षा इतकी लांबली की मुलीच्या जन्मानंतर नोंदवलेली स्कूटर तिच्या लग्नात मिळते, असा विनोद घरोघर चाले. परदेशात कोणी नातेवाईक असेल आणि त्याने परकीय चलन पाठवले तर गाडी लवकर मिळे, म्हणून अमेरिकेतल्या भाच्याचा भाव अचानक वाढत असे.

१९८३ मध्ये मारुतीची नोंदणी सुरू झाली. अनामत दहा हजार रुपये. साधारण दोन महिन्यांत सव्वा लाखाहून अधिक लोकांनी पैसे भरले आणि क्रम सोडतीने ठरला. त्या वर्षी १४ डिसेंबरला पहिली किल्ली पंतप्रधान इंदिरा गांधींच्या हातून दिली गेली, आणि ती घेणारा कोणी राजा नव्हता, विमान कंपनीतला एक नोकरदार होता. माधवरावांच्या ‘मोत्या’पासून या किल्लीपर्यंत पाऊणशे वर्षे गेली.

याच काळात मालव्याचे चित्र उलटे झाले. धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला कारखाने आले. पुण्याच्या फिरोदियांची कायनेटिक होंडा तेथे तयार होऊ लागली, बजाज टेंपोही आली. आणि २०२१ च्या जूनमध्ये पीथमपूरजवळ ११.३ किलोमीटरची वेगचाचणी धावपट्टी सुरू झाली, आशियातली सर्वात लांब. १९०८ मध्ये मालव्याच्या राजाने घ्यायच्या मोटारीची परीक्षा सह्याद्रीत झाली होती, आता देशभरातल्या गाड्या परीक्षेला मालव्यात येतात.

गेलेले आणि राहिलेले

होळकरांची ड्युझेनबर्ग आज येथे नाही. ती अमेरिकेत परत गेली आणि संग्राहकांच्या हाती पडली. १९५० पूर्वीच्या मोटारी देशाबाहेर नेण्यावर पुढे सरकारने बंदी घातली, पण तोवर बरेच काही निघून गेले होते. कोल्हापूरला मात्र छत्रपती राजाराम महाराजांनी मागवलेली १९३६ ची मायबाख अजून दसऱ्याला दसरा चौकात येते. लोक तिच्याकडे संग्रहालयातली वस्तू म्हणून पाहत नाहीत. सीमोल्लंघनाला यायची ती आलीच, असे पाहतात. वापरात राहिली म्हणून ती राहिली.

मोटार परत आणणे आपल्या हातात नाही. कागद जपणे मात्र आहे. या मोटारींबरोबर दरबारच्या मोटारखान्यात शोफर होते, मिस्त्री होते, पेट्रोलचा हिशेब ठेवणारे कारकून होते, आणि त्यांत आपल्या घरांतली माणसे होती. त्यांचे परवाने, नेमणुकीच्या सनदा, मोडीतल्या नोंदवह्या, मोटारीशेजारी पगडी घालून उभ्या आजोबांचे फोटो अजून कोणाच्या तरी माळ्यावरच्या ट्रंकेत असतील. राजाच्या मोटारीची नोंद जगाने ठेवली आहे. ती चालवणाऱ्याची नोंद आपण ठेवली नाही तर कोणीच ठेवणार नाही.

म्हणून या गणेशोत्सवात आमची विनंती एवढीच आहे. माळ्यावरची ट्रंक खाली काढा. फोटोच्या मागे नाव, गाव आणि साल पेन्सिलीने लिहा. मोडी वाचणारे ज्येष्ठ अजून आपल्यात आहेत तोवर कागद त्यांच्याकडून वाचून घ्या. मूळ कागद घरीच ठेवा, नक्कल मंडळाकडे द्या. २०२८ च्या सिंहस्थाला देशभरातून माणसे रामघाटावर येतील, तेव्हा ‘येथली मराठी मंडळी कोण, कधी आली, काय करत होती?’ असे कोणी विचारले, तर उत्तर दाखवायला आपल्याकडे चार पाने तरी असावीत.