चुलीचं वळण, गॅसची रीत

मुंबईत १९५५ साली स्वैपाकाचा गॅस विकायला आला. आमच्या वारंगा फाट्याकडं मात्र चूल पऱ्हाट्या-गोवऱ्यांवरच पेटायची. २०१६ च्या उज्ज्वला योजनेनं गरिबाघरी शेगडी पोचली, पण बायांच्या हाताला वळण चुलीचंच. चुलीत आधी सरपण, मग काडी; गॅसला आधी काडी, मग बटण. चुलीवर भांडं काळं व्हायचंच. शेगडीवर झालं तर बर्नरची भोकं बुजली समजावं, थंड झाल्यावर साफ करावीत. धूर माळवदाच्या साण्यातून वर जायचा. गॅस हवेपेक्षा जड, भुईशी साचतो. दिसत नाही, म्हणून त्याला वास मुद्दाम घातलेला. तो आला की काडी नाही, लाईटचं बटण नाही. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, लेकरं बाहेर, अन् बाहेरूनच १९०६ ला फोन.